गाळाचा हिशेब

विंध्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा मोकळ्या असतात. उत्तरेकडे उतरला, तर चंबळेच्या मार्गाने तो यमुनेला व पुढे गंगेला जाऊन मिळतो. दक्षिणेकडे ओघळला, तर निमाडच्या तापलेल्या सखल पट्ट्यातून नर्मदेत आणि नर्मदेबरोबर अरबी समुद्रात जातो. धार शहर या पाणलोटाच्या उत्तर अंगाला, मांडू त्याच्या अगदी कड्यावर, आणि देवास पलीकडे माळव्याच्या पठारावर, चामुंडेच्या एकाकी टेकडीच्या पायथ्याशी वसलेले. धारकडे वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास आणि देवासकडे त्याहून काहीसा अधिक पाऊस पडतो. परंतु तो बाराही महिने विभागून न पडता जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत, आणि त्यातही काही मोजक्या दिवसांत, धो धो कोसळतो. चढउताराच्या गावात असा पाऊस पडला म्हणजे त्या गावापुढे एकाच वेळी दोन परस्परविरोधी कर्तव्ये उभी राहतात: आज हे पाणी घरादारांतून, रस्त्यांतून त्वरेने बाहेर गेले पाहिजे, आणि तेच पाणी चैत्र-वैशाखासाठी कोठेतरी राहिलेही पाहिजे. माळव्यात पावलोपावली पाणी आहे ही ख्याती पिढ्यानपिढ्या ऐकत आलेल्या प्रदेशावर विसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडीने पाणी आणण्याची पाळी आली, ती या दोन कर्तव्यांपैकी पहिलेच तेवढे लक्षात राहिल्यामुळे.

मराठी वाचकाला ही गावे परकी नाहीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात धार आणि देवास ही दोन्ही ठिकाणे पवारांच्या वाट्याला आली. देवासची तर तुकोजीराव व जिवाजीराव या दोन बंधूंत थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झाली. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा जन्म १७७५ साली धारच्याच किल्ल्यातला. मांडूचा उजाड गडही धार दरबारच्या अमलाखाली होता आणि गुलाम याझदानी यांचा मांडूवरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९२९ साली निघाला, तो या दरबारासाठीच. तथापि येथे घराण्यांचा इतिहास सांगावयाचा नसून, त्या मातीवरून वाहणाऱ्या पाण्याचा आणि विशेषतः त्या पाण्याबरोबर वाहत येणाऱ्या गाळाचा विचार करावयाचा आहे. कारण डोंगरी गावाच्या पाण्याची व्यवस्था बिघडते ती बहुधा पाण्यामुळे नव्हे, गाळामुळे, आणि ही साधी गोष्ट बांधकामाचे नकाशे मंजूर करणारांच्या ध्यानात सहसा राहत नाही.

गाळाचे शास्त्र समजण्यास कठीण नाही. पाण्याचा वेग वाढला म्हणजे त्याची वहनशक्ती त्या प्रमाणात न वाढता कितीतरी अधिक वाढते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो पूर्वीच्या चौसष्टपट वजनाचा धोंडा लोटू शकतो, असे एकोणिसाव्या शतकात विल्यम हॉपकिन्स यांनी गणिताने दाखवून दिले. पावसाळ्यात घाटातल्या ओढ्याने आणलेले दगड पाहून हे पाण्याचे काम की कोणा राक्षसाचे, असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर या नियमात आहे. उलट, पाणी संथ झाले की हातातले ओझे ते एकेक करून खाली ठेवू लागते. प्रथम धोंडे, मग खडी, मग वाळू. मात्र अगदी बारीक कणांचा हिशेब निराळा आहे. स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, हा स्टोक्सचा नियम. दशांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण एक मीटर खोल पाण्याच्या तळाशी दोनेक मिनिटांत पोचतो. शतांश मिलिमीटरच्या कणाला त्याच प्रवासास तीन-साडेतीन तास लागतात. आणि चिकणमातीचा सहस्रांश मिलिमीटरचा कण मध्ये कोणी ढवळले नाही तरी सुमारे दोन आठवडे अधांतरी तरंगत राहतो. माळव्याची काळी कपाशीची माती ही अशाच अतिसूक्ष्म कणांची बनलेली आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या दोन-चार सरींत ती फुगून त्या भेगा अशा मिटवून टाकते, की पुढचे पाणी आत न मुरता वरून वाहू लागते आणि जाताना तिचाच थर खरवडून नेते. तेव्हा या प्रदेशात पाण्याचे तळे बांधणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, गाळाचेही तळे बांधीत असतो. फरक एवढाच, की पाणी दरसाल उडून जाते आणि गाळ राहतो.

ही गोष्ट ज्यांना पुरती उमगली होती, अशा लोकांनी मांडू वसविले, असे तेथील हौद-तळ्यांची रचना पाहिल्यावर म्हणावेसे वाटते. पंधराव्या शतकाच्या आरंभी होशंगशहा घोरीने माळव्याची राजधानी धारहून हलवून मांडूस नेली. समुद्रसपाटीपासून सुमारे ६३३ मीटर उंचीचे हे पठार काकडा खोह नावाच्या खोल दरीने माळव्याच्या मुख्य पठारापासून तुटलेले असल्यामुळे शत्रूला अवघड. परंतु त्याच कारणाने पाण्याच्या बाबतीत अनाथ. कोणतीही नदी या पठारावर चढून येत नाही. वर पडेल तेवढे पाणी आपले, आणि कड्यावरून गेले की ते नर्मदेचे. मैलोगणती पसरलेल्या तटाच्या आत दरबार, लष्कर, बाजार आणि जनानखाना यांचे जीवन चालवावयाचे, तर छपरावर पडलेला थेंबसुद्धा हिशेबात धरल्यावाचून गत्यंतर नव्हते.

जहाज महाल हा त्या हिशेबाचा सर्वांत देखणा ताळेबंद. सुमारे ११० मीटर लांब आणि त्या मानाने अगदीच अरुंद अशी ही इमारत मुंज तलाव आणि कपूर तलाव या दोन जलाशयांच्या मधोमध उभी आहे. पावसाळ्यात दोन्ही तळी भरली म्हणजे ती नांगर टाकलेल्या गलबतासारखी दिसते, यास्तव तिला हे नाव मिळाले. प्रवासी तिच्या गच्चीवर छायाचित्रे काढतात आणि वाटाडे घियासुद्दीन खलजीच्या जनानखान्यातील स्त्रियांची संख्या दर हंगामाला थोडी वाढवून सांगतात. पाहण्यासारखी गोष्ट मात्र पायाखाली असते. गच्चीला बेताचा उतार आहे. तिच्यावरचे पाणी दगडात कोरलेल्या अरुंद पन्हळीत उतरते आणि ही पन्हळ सरळ हौदाकडे न जाता वेटोळ्यावर वेटोळे घेत, सापाने अंग गुंडाळून घ्यावे तशी, हातभर अंतरासाठी कितीतरी हात फिरून मग पाकळ्यांच्या आकाराच्या हौदात पाणी सोडते. त्या वेटोळ्यांवरून बोट फिरविले असता लक्षात येते, की प्रत्येक वळणाशी पाण्याला बाहेरच्या काठावर आपटून आपला वेग सोडावा लागत असणार. जी वाळू वा धूळ गच्चीवरून आली असेल ती वळणाच्या आतल्या बाजूस, जेथे पाणी मंद होते तेथे, बसत असणार. आणि हाताच्या दोन बोटांनी किंवा साध्या फडक्याने ती काढून टाकता येत असणार. शोभा आणि उपयोग यांचे येथे भांडण नाही. अशीच सर्पिल पन्हळ पठाराच्या कडेला असलेल्या नीलकंठ महालातही आहे. हौदात पडण्यापूर्वी पाणी वाळू व कोळशाच्या थरांतून गाळले जाई, असेही या वास्तूंच्या वर्णनांतून सांगितले जाते, आणि ते क्रमाने अगदी सुसंगत आहे: आधी वेग काढावयाचा, जाड गाळ वाटेतच बसू द्यावयाचा, आणि मग उरलेला बारीक कचरा गाळणीने धरावयाचा. हा क्रम उलटा केला, तर गाळणी पहिल्याच पावसात तुंबते.

कपूर तलावाच्या काठांना बांधीव दगडी चिरेबंदी आहे. काठ बांधीव असला म्हणजे तो स्वतः ढासळून तळ्यात येत नाही, आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडला म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरून गाळाच्या पाट्या भरून वर आणता येतात. उजळी बावडी उघडी, तर तिच्या शेजारची अंधेरी बावडी वरून छप्पर घालून झाकलेली, म्हणजे उन्हाने पाणी उडणे आणि वाऱ्याने कचरा पडणे ही दोन्ही संकटे टळली. चंपा बावडी तर महालाच्या तळघरांशी जोडलेली आहे. रेवा कुंडाचे पाणी उचलून बाजबहादुराच्या महालात नेण्याची सोय होती. बाजबहादूर आणि रूपमती यांच्या प्रेमाचे पोवाडे या कुंडाच्या काठी वाटाडे रोज गातात, पण ते पाणी वर कसे चढविले जाई हे विचारणारा प्रवासी क्वचितच आढळतो.

एवढी व्यवस्था असूनही ती आपोआप चालत नाही, याचा पुरावा दोनशे वर्षांनंतरचा आहे. १६१७ च्या मार्चात जहांगीर बादशहा आपल्या अफाट छावणीसह मांडूस येऊन उतरला. तोपर्यंत माळव्याची सल्तनत बुडून अर्धशतक उलटले होते आणि गडावर मोजकीच वस्ती उरली होती. बादशहाच्या स्वारीपूर्वी अब्दुल करीम मामूरी नावाच्या वास्तुविशारदास पाठवून तीन लाख रुपये खर्चून जुन्या इमारतींची डागडुजी करविण्यात आली होती. ही रक्कम बादशहाने आपल्या आत्मवृत्तात मोठ्या समाधानाने नमूद केली आहे. परंतु त्याच छावणीबरोबर आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याची रोजनिशी वेगळीच कहाणी सांगते: उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष इतके, की पाणी मिळविणे हीच छावणीतील मोठी विवंचना होऊन बसली. पुढे पाऊस लागला आणि जहांगिरास मांडू इतके रमणीय वाटले, की पावसाळ्यातील तेथील हवा व हिरवळ यांची तोंडभर स्तुती त्याने लिहून ठेवली. दोघांनीही खरेच लिहिले आहे. तीन लाख रुपयांत कमानी आणि घुमट दुरुस्त झाले. परंतु एका लष्करी शहराला पोसणारी पाण्याची व्यवस्था एका हंगामाच्या डागडुजीने परत येत नसते. तिला दर वैशाखात पाट्या-फावडी घेऊन उतरणारे बेलदार लागतात आणि त्या बेलदारांना पोसणारी वस्ती लागते.

पेशव्यांच्या पुण्यातही हेच ज्ञान होते. नानासाहेबांच्या कारकिर्दीत कात्रजहून शहरास नळाने पाणी आणले, तेव्हा तेथे एक नव्हे, दोन तळी बांधण्यात आली; वरच्या तळ्यात डोंगराचा गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यातून नळात जावे. वाटेत जागोजाग बांधलेल्या उच्छ्वासांतून नळात उतरून तो साफ करता येई. पुण्यातील जुन्या वाड्यांचे हौद त्या पाण्यावर दीर्घकाळ चालले, याचे श्रेय पाणी आणणाऱ्याइतकेच गाळाची जागा आधी ठरवून ठेवणाऱ्याकडे जाते.

धार शहराची रचना मांडूच्या सुलतानी वास्तूंहूनही जुनी. परमारांच्या काळी हे नगर वर्तुळाकार होते आणि त्याभोवती मातीचा प्रचंड तट, खंदक व तळ्यांची मालिका होती. पश्चिम व दक्षिण अंगाला त्या तटाचे अवशेष आजही दिसतात. धारची साडेबारा तळी ही लोकपरंपरा प्रसिद्ध आहे. त्यांतले अर्धे कोणते, यावर गावात वाद रंगतात. संख्येपेक्षा त्यांची मांडणी महत्त्वाची. एका तळ्याचे वाहून गेलेले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, असा साखळीने प्रवास झाला म्हणजे गाळ पहिल्या एक-दोन तळ्यांतच बसतो आणि शेवटच्या तळ्यापर्यंत पाणी निवळून पोचते. अशा साखळीतले एक तळे जरी भराव घालून बुजविले, तरी त्याचे पाणी आणि त्याच्या वाट्याचा गाळ हे दोन्ही शेजारच्या मोहल्ल्यात जातात, आणि मग त्या मोहल्ल्यातील लोक पावसाला दोष देतात.

परमारांपैकी भोज राजाच्या नावावर भोपाळजवळच्या भोजपूरचा अतिविशाल जलाशय सांगितला जातो, आणि त्याचा बांध फोडल्याचे कर्तृत्व त्याच होशंगशहाच्या नावे आहे, ज्याने मांडूस राजधानी नेली. बांध फोडण्यास लष्कराला तीन महिने लागले, तळे रिकामे होण्यास तीन वर्षे, आणि तळाची जमीन वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे गेली, अशी गोंडांमध्ये दंतकथा आहे. तीन-तीन-तीसच्या या आकड्यांना इतिहास म्हणण्याचे कारण नाही. पण जलाशयाच्या पोटी शतकानुशतके किती गाळ साचतो आणि तो उघडा पडल्यावर सुकण्यास किती काळ लागतो, याची जाण त्या दंतकथेत आहे.

आता देवास. १९१२-१३ मध्ये आणि पुन्हा १९२१ मध्ये तेथे राहून गेलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने पुढे देवीच्या टेकडीच्याच नावाने लिहिलेल्या पुस्तकामुळे या दुहेरी संस्थानाची गंमत जगाला कळली. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन फौजा आणि पाणीपुरवठ्याची यंत्रणासुद्धा दोन! वाचकास हसू येईल. परंतु प्रत्येक दरबारास आपापल्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागत असे, हा त्या विचित्र व्यवस्थेचा एक गुणही म्हणता येईल. संस्थाने गेली, नगरपालिका आली, आणि पुढे देवास औद्योगिक नगर झाले. सत्तरीच्या दशकात सरकारचा नोटा छापण्याचा कारखाना तेथे आला, पाठोपाठ इतर कारखाने आले, घरे वाढली. आणि तीसेक वर्षांच्या अवधीत गावातली बहुतेक लहानमोठी तळी भराव घालून बुजविण्यात आली आणि त्यांवर वसाहती व कारखाने उभे राहिले. टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्याने आता जावे कोठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण ते पाणी गटारांतून झपाट्याने गावाबाहेर जाऊ लागले होते आणि तीच प्रगती समजली गेली. पिण्यासाठी विंधन विहिरी होत्याच. त्या दरवर्षी आणखी खोल जात राहिल्या आणि एके वर्षी त्यांचाही ठाव लागेनासा झाला.

१९९० च्या एप्रिलमध्ये इंदूरहून पाण्याच्या पन्नास टाक्या घेऊन आगगाडी देवास स्थानकात आली. वाजतगाजत तिचे स्वागत झाले, मंत्रिमहोदयांनी पाणी पिऊन योजनेचे उद्घाटन केले. वर्ध्यास जन्मलेले अनुपम मिश्र यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या हिंदी पुस्तकात हा प्रसंग टिपला आहे. ते पाणी मूळचे नर्मदेचे. म्हणजे विंध्याच्या दक्षिण उतारावरून जे पाणी आपल्या पायांनी खाली गेले होते, तेच विजेच्या बळावर पठारावर चढवून, आगगाडीत बसवून पुन्हा आणावे लागले. पुढे २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड योजना पूर्ण झाली, तिच्यातही नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच उचलून क्षिप्रेच्या उगमाशी सोडतात. तिचे उपयोग मला नाकारावयाचे नाहीत. पण आकाशातून फुकट माथ्यावर पडलेले पाणी खाली घालवून तेच पुन्हा वीजबिल भरून वर चढविणारा कारभार मांडूच्या सुलतानांनाही उधळा वाटला असता, आणि ते काही काटकसरीबद्दल प्रसिद्ध नव्हते.

या नामुष्कीतून देवासने एक लहानशी वस्तू जगाला दिली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तेथील जिल्हाधिकारी मोहन राव आणि ग्रामीण अभियांत्रिकी सेवेतील अभियंते यांनी घरांच्या छपरांवरचे पाणी थेट विंधन विहिरीत उतरविण्यासाठी एक गाळणी तयार केली. तिलाच ‘देवास फिल्टर’ असे नाव पडले. १४० मिलिमीटर व्यासाचा आणि १.२ मीटर लांबीचा पीव्हीसीचा पाइप. त्याच्या आत तीन कप्पे. पहिल्या कप्प्यात २ ते ६ मिलिमीटरचे गोटे, दुसऱ्यात ६ ते १२ चे, तिसऱ्यात १२ ते २० चे. आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी जाळी. त्या वेळी किंमत सुमारे ६०० रुपये. कप्प्यांचा क्रम पाहिला की प्रथम उलटा वाटतो, कारण सामान्यतः आधी जाड आणि मग बारीक गाळणी असते. परंतु येथे खरे काम पहिल्या बारीक गोट्यांचे आहे. गाळ जो धरावयाचा तो तेथेच धरला जातो, तुंबले तर तोंडाशीच तुंबते, आणि उघडून धुवावयाचे तेही तेच. पुढचे मोठे गोटे पाण्याला मोकळी वाट देतात. मांडूची दगडी पन्हळ आणि देवासचा प्लास्टिकचा पाइप यांच्यामध्ये पाचशे वर्षे आहेत, पण धडपड एकच: पाणी पुढे जावे, गाळ मागे राहावा, आणि तो अशा जागी राहावा जेथे माणसाचा हात पोचतो.

या गाळणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण उत्साहाच्या भरात त्या विसरल्या जातात. वर दिलेला कणांचा हिशेब आठवला तर कळेल, की असल्या गोट्यांना वाळू, पाने, पक्ष्यांची पिसे, कौलांचा चुरा एवढेच अडविता येते. चिकणमातीचा सूक्ष्म कण त्यांच्या फटींतून सहज निघून जातो. छपरावर मुळात माती थोडी असते म्हणून ती चालते. तीच गाळणी अंगणाच्या किंवा रस्त्याच्या पाण्याला लावली, तर दोन पावसाळ्यांत विंधन विहिरीच्या भेगा चिखलाने लिंपल्या जातील, शिवाय गटाराची घाण आणि गाड्यांचे तेल थेट भूजलात जाईल, ते निराळेच. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे, कारण वर्षभराची धूळ त्यात असते. आणि गाळणी धुतली नाही, तर ती नसल्यापेक्षा वाईट. पाणी गच्चीवर तुंबते आणि घरमालक वैतागून पाइपच काढून टाकतो.

शहरापेक्षा खेड्यांत देवासचे काम अधिक फळले. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी भगीरथ कृषक अभियान हाती घेतले आणि शेतकऱ्यांना सांगितले, की आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी द्या. अनुदानाचे आमिष दाखविण्याऐवजी हिशेब मांडून दाखविण्यात आला: विंधन विहिरीमागून विंधन विहीर खोदण्यात गेलेला पैसा आणि तळ्याचा खर्च. टोंककलां आणि आसपासच्या गावांतून कामास सुरुवात झाली. ‘रेवा सागर’ या नावाने ओळखली जाणारी ही शेततळी पुढे जिल्ह्यात हजारांनी झाली, आणि रब्बीच्या हंगामात ओसाड राहणारी शेते गहू-हरभऱ्याने भरू लागली. पाण्याला येणाऱ्या वाटेवर लहानसा खड्डा केला, तर जाड गाळ त्यातच बसतो आणि तळे दीर्घायुषी होते. उरलेली बारीक काळी माती तळाशी बसते, ती दोन-तीन वर्षांनी काढून शेतात पसरली म्हणजे शेतातूनच गेलेली माती शेतात परत येते. महाराष्ट्रात २०१७ पासून चाललेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना याच तत्त्वावर उभी आहे.

सर्वच गाळ असा शेतात परत घालण्याजोगा नसतो, हे खाणींच्या प्रदेशात राहणारांस वेगळे सांगावयास नको. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत एक टन लोहखनिज काढण्यासाठी अडीच-तीन टन माती-दगड उकरून बाजूला टाकावे लागत. त्या लाल डोंगरांवर कोकणचा पाऊस पडला, की खालच्या भातशेतीत लालभडक चिखलाचा थर बसे आणि शेतकरी नुकसानभरपाईच्या अर्जांचे गठ्ठे घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत. खनिज दळून त्यातला धातू काढून घेतल्यावर उरणारा लगदा तर पिठासारखा बारीक असतो, आणि त्यातला अतिसूक्ष्म भाग आठवडेच्या आठवडे बसत नाही. म्हणून त्याला मातीच्या बांधामागे कोंडून ठेवतात आणि बांधाची उंची वर्षानुवर्षे त्याच लगद्याच्या भरीवर वाढवीत नेतात. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यू येथे असा बांध २०१९ च्या जानेवारीत भरदुपारी फुटला आणि २७० माणसे चिखलाखाली गेली. धार जिल्ह्यात तशी खाण नाही, पण तसा प्रश्न आहे. भोपाळमध्ये विषारी वायूची गळती झालेल्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत याच जिल्ह्यातील पीथमपूरला आणून त्याच वर्षी जाळण्यात आला. जळून उरलेल्या राखेचा प्रश्न शेवटी पावसाच्या पाण्याशीच येऊन थांबतो: वरचे पाणी तिच्यात उतरता कामा नये आणि तिच्यातून झिरपलेले पाणी जमिनीत जाता कामा नये.

मातीचा बांध पाण्यापुढे किती टिकतो, हे धार जिल्ह्याने स्वतःच्या अंगणात पाहिले आहे. धरमपुरी तहसिलीत कोठीदा गावाजवळ कारम नदीवर सुमारे ३०४ कोटी रुपयांच्या प्रकल्पातील नवे मातीचे धरण २०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिल्याच पावसात गळू लागले. भिंतीतून माती घेऊन पाणी बाहेर येऊ लागले म्हणजे वेळ थोडा असतो, कारण प्रत्येक कणाबरोबर वाट रुंद होत जाते. धार व खरगोण जिल्ह्यांतली अठरा गावे रिकामी करविली, मुंबई-आग्रा महामार्गावरील वाहतूक थांबविली आणि यंत्रांनी रात्रंदिवस बाजूने चर खोदून पाणी उतरविले. मनुष्यहानी टळली. त्यानंतर काही अभियंते निलंबित झाले. ज्या चराने शेवटी गावे वाचविली, त्या चराचे काम एरवी सांडवा करतो, आणि मातीच्या धरणाचा सांडवा व गळतीची वाट आधी तयार असल्यावाचून त्यात पाणी कोंडू नये, हा नियम अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गातला आहे.

मांडूच्या शिलालेखांत इमारत कोणी बांधविली याची नावे आहेत, दरबारी ग्रंथांत कोणी किती लाख खर्च केले याचे आकडे आहेत, आणि आजच्या कोनशिलांवर उद्घाटकांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत. तळ्याचा गाळ दरसाल कोणी काढला, हे कोठेही लिहिलेले आढळत नाही. नव्या बांधकामाला निधी मंजूर होतो, त्याची निविदा निघते, समारंभ होतो. गाळ काढण्याला समारंभ नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याचे स्थान शेवटच्या किरकोळ खर्चात, आणि कपात आली की पहिली कात्री त्यालाच. देवास काय किंवा महाराष्ट्रातील घाटमाथ्यावरचे एखादे गाव काय, पावसाळ्यात रस्ते नद्या होतात आणि उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात, याचे माझ्या मते मुख्य कारण हेच आहे. पाऊस कमी पडतो किंवा अधिक पडतो, हे नव्हे.

ज्यांच्या घराला छपरावरून विंधन विहिरीत उतरणारी गाळणी आहे, त्यांनी मृग लागण्यापूर्वी ती उघडून पहिल्या कप्प्यातले गोटे धुवावेत. काम अर्ध्या तासाचे आहे. आणि जे नगरपालिकेच्या हद्दीत राहतात, त्यांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास एकच प्रश्न लेखी विचारावा: येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नाले व तळी यांतील गाळ काढण्यासाठी स्वतंत्र शीर्ष आहे काय, त्याखाली रक्कम किती आहे, आणि काढलेला गाळ काठावरच न ठेवता तो नेऊन टाकण्याची जागा ठरली आहे काय?